नागपुरात टू बीएचके घेतलाय. चार-पाच लाखांत घर देखणं आणि सोयीचं कसं सजवावं? उजळ रंग, फॉल्स सीलिंग, टीव्हीमागे पॅनल, असा हॉटेलसारखा लुक मनात आहे.

कूलर कुठे लावणार आहात? तुमच्या प्रश्नात उजळ रंग आहेत, फॉल्स सीलिंग आहे, टीव्हीमागचं पॅनल आहे, 'हॉटेलसारखा लुक' आहे. कूलर नाही. म्हणून लिहायला बसले, नाहीतर हा विषय मी घरातही काढत नाही आता.

आमचा त्रिमूर्तीनगरचा फ्लॅट २०१६ चा. हॉलला पूर्वेकडे मोठी खिडकी, समोर बाल्कनीचं दार. खिडकीत कूलर ठेवला आणि दार वीतभर उघडं टाकलं की झालं. वास्तूच्या जेवणाला पुण्याहून नणंद आल्या. घर फिरून बघितलं आणि म्हणाल्या, "गोड आहे गं, पण हॉलमध्ये तो पत्र्याचा डबा नको हं लावू." ताई बोलल्या की आमच्या ह्यांच्यासाठी विषय संपतो. आठ दिवसांत इंटेरिअरवाला पोरगा आला, खिडकी आतून प्लायने बंद, त्यावर उभ्या पट्ट्यांचं पॅनल, पट्ट्यांच्या आत पिवळे दिवे. वर पीओपीचं फॉल्स सीलिंग, कोपऱ्यात दीड टनाचा एसी. काम करणारा मिस्त्री तेवढा मला हळूच म्हणाला, "वहिनी, खिडकी बुजवून राह्यले, कूलर कुठी लावान मंग?" एवढ्या मंडळींत नागपूरचा उन्हाळा तोच एकटा जगलेला असावा. २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ वर गेला होता, तेव्हा आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत होतो आणि कूलरवरच निभावलं होतं. तेही आमचे हे विसरले!

पुढच्या मे महिन्यात पुतण्याचं लग्न. घरात चौदा माणसं. हॉल स्वयंपाकघराला उघडा, ओट्यावर दोन शेगड्या सुरू, दार मिनिटाला उघडतंय; एसी नुसताच घरघरतोय. रात्री लाइन गेली. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, कूलर चालतो. पण कूलर होता फक्त सासूबाईंच्या खोलीत, कारण "माझ्या खिडकीला हात लावाल तर बघा" असं त्यांनी आधीच बजावलं होतं. रात्री दोनला पाणी प्यायला उठले, तर त्या खोलीत माणसांवर माणसं. आणि थेट कूलरच्या तोंडासमोर, गळ्यापर्यंत चादर ओढून, ताई! सकाळी चहा घेताना म्हणाल्या, "आईच्या खोलीत झोप छान लागते, शांत आहे ना." तो कूलर सुरू असला की शेजारचे टीव्हीचा आवाज वाढवतात.

लग्न आटोपल्यावर पॅनल मधोमध कापलं. लावायला अठ्ठेचाळीस हजार गेले होते, काढायला सहा. तोच मिस्त्री आला, हसला नाही, हे त्याचे उपकार.

तर तुमचं घर. आधी कूलरची खिडकी ठरवा, मग तिच्या समोरून हवा कुठून बाहेर जाईल ते बघा. हवा निघाली नाही तर खोली नुसती चिकट होते. त्या झोताच्या वाटेत प्लायचं कपाट नको, ओल खाऊन सनमायकाच्या कडा सुटतात. पार्टिकल बोर्ड तर घरातच आणू नका. सिंकखाली वॉटरप्रूफ प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० चा, म्हणजे पाण्यात टिकणाऱ्या प्लायच्या सरकारी मानकाचा, शिक्का बघून. पश्चिमेच्या भिंतीला गडद रंग देऊ नका, पडद्यांना अस्तर लावा. पडद्याचं कापड गांधीबागेच्या कापडबाजारातून आणलंत तर शिलाईसकट तयार पडद्यांपेक्षा स्वस्त पडतं, फक्त मापं दोनदा घ्या. त्या उभ्या पट्ट्यांच्या पॅनलचं काय सांगू? एप्रिल-मेच्या वावटळीची धूळ खाचांत बसते आणि ती काढायला दात घासायचा जुना ब्रश लागतो. मी घासल्यात. उघड्या शेल्फचंही तेच. फॉल्स सीलिंगने साडेनऊ फुटांची खोली नऊची होते आणि पंखा डोक्यावर आल्यासारखा वाटतो. माझं स्पष्ट मत: पैसे उडवायचेच असतील तर चांगल्या सागवानाच्या एका दिवाणावर उडवा. चंद्रपूर-गडचिरोलीचं सागवान आपल्या दाराशी आहे आणि लोक हॉलमध्ये फोमचे सोफे मांडतात, मे महिन्यात पाठीला चिकटणारे.

बजेट चार-पाच लाख म्हणालात. स्वयंपाकघर आणि दोन कपाटांतच त्यातले बरेचसे जातील. उरलेल्यात रंग, पडदे, दिवे. हॉल वर्षभर रिकामा ठेवा, काय कुठे हवं ते राहिल्यावर कळतं.

हो, सगळ्यात वरच्या मजल्यावर असाल तर सीलिंगचं माझं म्हणणं सोडून द्या, स्लॅब तापतो, तिथे उपयोग होतो. गच्चीला पांढरा चुना मात्र आधी. घरात दम्याचं कोणी असेल तर कूलरच्या ओलीचा विचार करा. टाकीतलं पाणी दर आठवड्याला बदला, डेंग्यूचे डास अशा साठलेल्या पाण्यातच होतात. आणि पाऊस लागला की कूलर निरुपयोगी, तेव्हा एसीच. एसी वाईट असं मी म्हणतच नाहीये. खिडकी बुजवू नका, एवढंच.

ताईंनी गेल्या उन्हाळ्यात पुण्याला कूलर घेतला. प्लास्टिकचा, चाकांचा. फोनवर म्हणाल्या, "हा डबा नाही वाटत गं."