मुलाच्या डोळ्यातलं भिंग सरकलंय, चष्म्याचा नंबर प्रत्येक ठिकाणी वेगळा येतो. सरळ ऑपरेशन करून टाकावं का?

तुमचा मुलगा 7 वर्षांचा, मार्फान सिंड्रोम (शरीराला आधार देणाऱ्या ऊती जन्मतःच कमजोर असण्याचा आजार) असावा असं डॉक्टर म्हणतात, आणि जिथे जाल तिथे नंबर निराळा. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डोळे तपासून नंबर काढणारा आहे, सर्जन नाही. त्यामुळे नंबराबद्दलच जास्त लिहितो.

ते सगळे नंबर चुकीचेच असतील असं नाही. भिंग बारीक धाग्यांवर तोललेलं असतं. मार्फानमध्ये ते धागे कमजोर होतात आणि भिंग बहुधा वर, कानाच्या बाजूला सरकतं. कधी त्याची कड ऐन बाहुलीत येते. मग एकाच डोळ्याला दोन नंबर: भिंगातून पाहिलं तर मायनस आणि वर भलामोठा सिलिंडर (तिरकस नंबर), भिंगाच्या बाजूने पाहिलं तर प्लस, साधारण 10-12 च्या आसपास (डोळा लांबट असेल तर कमी). कॉम्प्युटरचं मशीन इथे हमखास गोंधळतं. त्याची चिठ्ठी घेऊन चष्मा करू नका.

रेटिनोस्कोपचा (हाताने नंबर काढायच्या उपकरणाचा) उजेड फिरवला की बाहुलीत कडेची काळी चंद्रकोर दिसते, तिच्या अलीकडे-पलीकडे उजेडाची चाल वेगळी. दोन्ही भागांचे नंबर काढून, ट्रायल फ्रेममध्ये (भिंगं बदलता येणाऱ्या तपासणीच्या चष्म्यात) आळीपाळीने घालून मुलाला तक्ता वाचायला लावायचा. वेळखाऊ काम आहे, गर्दीच्या दुकानात कोणी करणार नाही. प्लसचा नंबर ठरला तर जवळचा नंबरही वेगळा लागतो, म्हणजे बायफोकल. एकाच डोळ्याला असेल तर कॉन्टॅक्ट लेन्स बरी.

योग्य चष्म्याने नीट दिसत असेल तर ऑपरेशनची घाई नको. मार्फानमध्ये डोळ्याचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका एरवीही जास्तच, ऑपरेशनने तो आणखी वाढू शकतो. पण चष्मा घालूनही दिसत नसेल तर या वयात थांबणं महागात पडतं, डोळा आळशी होतो, म्हणजे त्याची नजर नीट घडत नाही. ऑपरेशनात भिंग काढून पुढे चष्मा देतात, किंवा कृत्रिम भिंग डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीत अडकवतात. त्यातली ग्लूने (डिंकासारख्या पदार्थाने) चिकटवायची पद्धत चेन्नईच्या डॉ. अमर अगरवालांची, 2007 पासूनची. कोणती, ते लहान मुलांचे नेत्रतज्ज्ञच ठरवतील.

डोळा अचानक लाल होऊन दुखला, उलट्या झाल्या, तर भिंग पुढे येऊन दाब वाढलेला असू शकतो. त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा.

आणि हृदयाची टूडी इको (सोनोग्राफीसारखी तपासणी) झाली नसेल तर आधी ती करा, मार्फानमध्ये महाधमनी रुंदावते. निदान पक्कं नसेल तर रक्तातलं होमोसिस्टीनही तपासायला सांगा. ते खूप वाढण्याच्या आजारातही (होमोसिस्टिन्युरिया) भिंग सरकतं, आणि भूल देताना रक्ताच्या गुठळ्यांची भीती असते.