काचेला चिकटलेला दहावीचा फोटो

प्रश्न : आमच्या १९८४ च्या दहावीच्या तुकडीचा ग्रुप फोटो फ्रेमच्या काचेला चिकटलाय. स्नेहमेळाव्यासाठी प्रती हव्यात. सोडवायचा कसा?

उत्तर : सोडवूच नका. पावसाळी दमटपणाने फोटोवरचा जिलेटिनचा थर मऊ होऊन काच धरतो. ओढलात तर नेमके चेहरेच काचेवर राहतात. फ्रेम उतरवा, काच बाहेरून पुसा आणि काचेसकट स्कॅनरवर पालथा ठेवून ६०० डीपीआयला (म्हणजे इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करा. चेहरे मटारएवढे असतील तर १२००. मोबाइलने काढलात तर काचेत स्वतःचंच दर्शन घडेल!

नव्या प्रतींमागे नावं बॉलपेनने नकोत, उठाव पुढे दिसतो. मऊ २बी पेन्सिलने ‘बसलेले, डावीकडून’ अशी ओळवार लिहा. मुलींची माहेरची नावं हवीतच. शाळेच्या जनरल रजिस्टरात तीच असतात.