पहिल्या फुलाच्या चौकोनाआधी

अगं, क्रोशाची एकदम डबल बेडची चादर करायला घेऊ नकोस. आधी उशीचा अभ्रा कर. १६ इंची उशीला मधे फूल विणलेले चार इंचांचे १६ चौकोन पुढच्या बाजूला पुरतात. मागे साधं कापड लाव. आपल्या उकाड्यात लोकरीपेक्षा सुती दोरा बरा, आणि ४ मिमीची क्रोशाची आकडेवाली सुई घे.

फुलाच्या पाकळ्या ४, ८ किंवा १२ ठेव, म्हणजे कोपरे सरळ बसतात. सहा पाकळ्यांचं फूल दिसतं गोड, पण त्याला चौकोनात बसवताना जीव जातो. कोपऱ्यात तीन खांब (सुईवर वेढा घेऊन घातलेले उंच टाके), दोन साखळ्या (साधे फासे), पुन्हा तीन खांब, एवढं पाठ झालं की झालं. चौकोन वाटीसारखा उचलला गेला तर टाके कमी पडलेत, झालर झाली तर जास्त.

रंग बदलताना दोऱ्याचं सहा इंच शेपूट सोड आणि तेव्हाच नेढ्याच्या सुईने आत ओवून टाक. मी ‘शेवटी एकदम करू’ म्हणून चाळीस चौकोन साठवले होते. तो डबा अजून कपाटात आहे! जोडण्याआधी सगळे ओले करून टाचण्यांनी एकाच मापात ताणून वाळव.