ज्याला काम नाही, ते मांडवात नको

प्रिय पोरी,

तू पाठवलेले फोटो पाहिले. पॅम्पस गवताचे वाळलेले तुरे, दोरीच्या गाठींनी विणलेलं मॅक्रमे, त्रिकोणी लाकडी फ्रेम, जमिनीवर गालिचे, सगळीकडे तेच. खाली तुझा प्रश्न की नवऱ्या मुलीला बोहो, म्हणजे ती बोहेमियन धाटणीची मोकळीढाकळी सजावट हवीय, तिच्या आईला सगळे विधी रीतसर हवेत, तर यातलं काय ठेवू आणि काय गाळू? त्या फोटोंमध्ये होम नाही. अंतरपाट नाही, मामा नाहीत, करवली नाही, अक्षता घेऊन उभी दीडशे माणसं नाहीत. तू सजवणार आहेस ते लग्न अलिबागजवळच्या नागावच्या नारळी-पोफळीच्या वाडीत आहे, फेब्रुवारीत, गोरज मुहूर्तावर. ठेवण्या-गाळण्याची कसोटी एकच: ज्या वस्तूला मांडवात काम नाही, ती आणायची नाही.

त्रिकोणी फ्रेमपासून सुरू कर, कारण मुलीचं मन तिच्यावरच बसलंय. 8 फूट पाया आणि 7 फूट उंची असलेल्या त्रिकोणाची रुंदी साडेपाच फुटांवर, म्हणजे डोक्याच्या उंचीवर, जेमतेम पावणेदोन फूट उरते. नवरा-नवरीपैकी एकाचं तरी डोकं चौकटीबाहेर जाणार. बोहल्यावर दोघं, दोन्हीकडचे आईवडील, गुरुजी, मागे मामा आणि करवल्या एवढी माणसं असतात. त्यांना 12 बाय 12 फूट मोकळी जागा लागते. म्हणून चार खांबांचा मांडव घाल, जाड बांबूचा, आणि होमाच्या वरचं छत मधोमध उघडं ठेव. धुराला वर जायला वाट हवी. त्रिकोण फारच हवा असेल तर प्रवेशाजवळ उभा कर आणि पाहुण्यांच्या नावांची किंवा कार्यक्रमाची पाटी त्यावर लाव. म्हणजे त्यालाही काम मिळालं.

आता दिशा. ही कोणी विचारतच नाही आणि नंतर फोटोग्राफरला दोष देतात. होमाला वधूवर पूर्वेकडे तोंड करून बसतात. गोरज मुहूर्ताला सूर्य त्यांच्या पाठीशी येतो. फेब्रुवारीच्या मध्याला अलिबागकडे सूर्यास्त साडेसहा ते पावणेसातच्या दरम्यान होतो, त्यामुळे त्याआधीचा तासभर ऊन आडवं येतं. पाहुणे समोर पूर्वेला बसवलेस तर सगळ्यांचे डोळे दिपणार आणि चेहरे काळे दिसणार. शिवाय दुपारनंतर समुद्रावरचा वारा पश्चिमेकडूनच येतो, होमाचा धूर थेट त्या पाहुण्यांच्या तोंडावर. म्हणून बैठक उत्तर आणि दक्षिण अशी दोन्ही बाजूंना कर, पूर्वेला फक्त वाट ठेव.

पश्चिमेला काय लावायचं, तर इथे तुझं मॅक्रमे कामाला येतं. त्यातून ऊन गाळून येतं आणि भोकांमधून वारा निघून जातो. सलग कापड लावलंस तर ते शिडासारखं फुगेल आणि खांब ओढेल. पण मॅक्रमे आजच सांगायला हवं. 6 फूट लांबीच्या पडद्यासाठी दुमडून बांधायची प्रत्येक दोरी सुमारे 48 फूट कापावी लागते, म्हणजे तयार लांबीच्या आठपट. गाठी दाट असतील तर त्याहून जास्त. दोन महिने आधी सांगितलं नाहीस तर बाजारातलं विरळ जाळं गळ्यात पडेल. वरचा दांडा 2 इंच जाडीचा बांबूच घे. सुती दोरी संध्याकाळचं दव पिते, जड होते, बारीक काठी मधेच वाकते. आणि अंतरपाट मॅक्रमेचा करू नकोस. आरपार दिसणाऱ्या अंतरपाटाला अर्थ काय? कोऱ्या खादीचा कर, मधे कुंकवाचं स्वस्तिक काढ, खालच्या काठाला दोरीची झालर लावलीस तर चालेल.

पॅम्पसबद्दल तू तिसऱ्यांदा विचारलंस, म्हणून जरा कडक लिहिते. वाळलेले तुरे वाऱ्यात झडतात, त्यांचा कापूस जेवणावर, शालूवर आणि तुपाच्या वाटीत बसतो. ठिणगी पडली तर क्षणात पेटतात. झडू नये म्हणून हेअरस्प्रे मारतात, तो नुसता ज्वालाग्राही. होमकुंडाच्या चारही बाजूंना 4 फुटांत कापड, दोरी, गवत काही नको, आणि तुरे तर मांडवातच नकोत. मुलीला तसलं काही हवंच असेल तर उसाचे तुरे आण. पश्चिम महाराष्ट्रात हिवाळ्यात शेतं तुऱ्यांनी भरलेली असतात आणि शेतकऱ्याला त्या तुऱ्याचा उपयोग नसतो. पूर्ण फुलण्याआधी कापायचे, सावलीत वाळवायचे, वाटेच्या सुरुवातीला उंच माठांत उभे करायचे. माठात वाळू भर, नाहीतर वाऱ्याने माठासकट आडवे होतील. तिथे त्यांचं काम वाट दाखवायचं.

होमकुंड विटांवर ठेव, खाली वाळूचा थर. मांडवाच्या मागे वाळूच्या दोन बादल्या आणि अग्निशामक, आणि तो चालवता येणारा एक माणूस ठरलेला.

खाली घालायला भाड्याचे मशीनचे गालिचे घेऊ नकोस. बरेचसे कृत्रिम धाग्याचे असतात, निखारा पडला की वितळतात. आपल्याकडे घोंगडी आहे. लोकर सहजी पेट घेत नाही, आणि सोवळ्यात लोकरीची धाबळी चालते तेव्हा गुरुजींची हरकत यायचं कारण नाही. मात्र काळी घेऊ नकोस, आजीच पहिली उठून बोलेल. करडी किंवा पांढरट घे. सप्तपदीसाठी अग्नीच्या उत्तरेला 8 फूट लांब, 3 फूट रुंद पट्टा पूर्ण मोकळा सोड. तांदळाच्या सात राशी मांडायच्या असतात, तिथे उशा आणि कंदील ठेवून फोटो काढणाऱ्यांचं ऐकू नकोस. मंगलाष्टकांनंतर सांडलेल्या अक्षता झाडून घ्यायला दोन माणसं नेम, अनवाणी पायाखाली तांदूळ घसरतो. पाहुण्यांना द्रोणात पाकळ्या जास्त आणि अक्षता चिमूटभर द्या.

बैठक. गाद्या-तक्क्यांवर मांडी घालून बसायला माणशी अडीच फूट बाय अडीच फूट धर. पण किमान निम्म्या जागा खुर्च्यांच्याच हव्यात. साठीच्या पुढच्या माणसाला खाली बसवून वर उठवताना दोन जण लागतात, हे बोहो नव्हे, हाल आहेत. वाडीचं शिंपण तीन दिवस आधी थांबवायला सांग, आधी ताडपत्री, मग सतरंजी, मग गादी. नाहीतर ओल वर येते आणि मुहूर्ताआधीच सगळ्यांचे कपडे मागून भिजतात. आंब्याची झाडं असतील तर ओंबील, म्हणजे चावऱ्या लाल मुंग्या, बघून घे. आणि सगळ्यात आधी पाडेली, म्हणजे माडावर चढून नारळ पाडणारा, बोलव. जिथे जिथे माणूस बसणार किंवा चालणार, त्या प्रत्येक माडाचे नारळ आणि वाळक्या झावळ्या उतरवल्याच पाहिजेत. झुंबर नाही लावलंस तरी चालेल, हे राहता कामा नये.

रंग. विधीची साडी पिवळी आहे म्हणतेस. मग मागचा पडदा मोहरी रंगाचा नको, नवरी त्यात विरून जाईल. कोरा, गेरू आणि पानांचा हिरवा पुरे. फुलांत झेंडू, शेवंती, निशिगंध. हायड्रेंजिया उन्हात मान टाकतं, त्यावर पैसे घालू नकोस.

दिवे 2700 ते 3000 केल्विनचे, म्हणजे पिवळसर उजेडाचे, 9 फुटांवर ओढलेले, न लुकलुकणारे. सातला वाडीत अंधार होतो आणि जेवण तेव्हाच असतं. वायरीचे जोड जमिनीवर नकोत, दव पडतं. वीज गळाली की आपोआप बंद होणारं 30 मिलिअँपिअरचं गळतीरोधक स्विच बसवून घे. मेणबत्त्या फक्त काचेच्या कंदिलात. ड्रीमकॅचर काढून टाक. ती उत्तर अमेरिकेतल्या ओजिब्वे लोकांची, झोपणाऱ्या बाळाजवळ टांगायची वस्तू. आपल्या मांडवात तिला काम नाही.

तुला वाटत असेल, ही बाई बोहोच मोडून काढतेय. मला हट्टी म्हणणारे पुष्कळ आहेत. पण मोकळं, हाताने विणलेलं, मातीच्या रंगाचं आणि उघड्यावरचं लग्न मला मनापासून आवडतं, म्हणूनच ते भाड्याच्या सामानाखाली गुदमरलेलं बघवत नाही. या धंद्यातल्या जाणत्या लोकांनी "गिऱ्हाईक मागतं ते द्या" म्हणत फार काळ गप्प बसायला नको होतं, याची खंत मला आहे. तू पहिल्याच कामापासून बोलायला शिक. मुलीला प्रत्येक वस्तूचं काम समजावून सांग, ती ऐकेल. तिची आई तर नक्कीच.

या आठवड्यात गुरुजींना फोन करून बोहल्यावर कोण कुठे उभं राहतं ते कागदावर उतरवून घे. मग टेप घेऊन वाडीत जा, पण दुपारी चार ते सात याच वेळेत, आणि पश्चिम कुठे आहे ते आखणीवर ठळक लिही. बांबूवाल्याला त्यानंतरच आगाऊ रक्कम दे.

तुझी,
मावशी