चिप आली म्हणून मायक्रोबायॉलॉजी सोडायची का?

प्रश्न : माझी मुलगी भुसावळला टी.वाय.बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी करतेय. जंतूंची तपासणी आता चिपवर, म्हणजे केसाएवढ्या नळ्या असलेल्या छोट्या पट्टीवर होते, नमुनाही मशीनच तयार करतं, असं नात्यातला एक इंजिनिअर सांगतो. मग पुढे तिला काम राहील का? की सरळ बी.एड. करू द्यावं? – एक आई, रावेर

ताई, नमस्कार.

पाहुण्यांचं अर्धं खरं आहे. क्षयरोगाची चिपवर होणारी ट्रूनॅट तपासणी घ्या. ती आपल्या देशातली, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही मान्य केलेली. थुंकीतून डीएनए काढायचं काम त्यात छोटं यंत्रच करतं. पण यंत्रात घालण्याआधी थुंकी पातळ करावी लागते, ती हातानेच.

खाण्यापिण्याच्या वस्तूंचं तर याहून अवघड. कित्येक पदार्थांच्या २५ ग्रॅम नमुन्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू एकही चालत नाही. चिपच्या केसाएवढ्या नळीत मावतो जेमतेम एक थेंब. त्या २५ ग्रॅममधला एकुलता एक जंतू नेमका त्याच थेंबात यायला हवा! म्हणून नमुना आधी पोषक द्रावणात रात्रभर वाढवतात, मग चुंबकी मण्यांनी जंतू धरून एका जागी आणतात. दुधातला स्निग्धांश आणि कॅल्शियम पीसीआरच्या, म्हणजे जंतूच्या डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखण्याच्या पद्धतीच्या आड येतात. शिवाय मेलेल्या जंतूचा डीएनएसुद्धा पीसीआरमध्ये उमटतो, म्हणजे नीट पाश्चराइझ केलेलं दूधही उगाच नापास व्हायचं. हे कुठे अडतं ते जंतू ओळखणाऱ्यालाच कळतं. चिप बनवणाऱ्यांचं घोडं अडलंय ते इथेच, आणि तुमच्या लेकीचं काम आहे तेही इथेच.

मात्र तिला नुसत्या प्लेटवर वाढलेल्या जंतूंच्या वसाहती मोजता येत असतील, तर तुमची काळजी रास्त आहे.

एम.एस्सी. जळगावच्या बहिणाबाई विद्यापीठातही होते. तरी आयआयटीची जॅम, म्हणजे एम.एस्सी.ची प्रवेश परीक्षा द्यायला लावा. बायोटेक्नॉलॉजीच्या पेपरात बारावीपर्यंतचं गणित, भौतिक आणि रसायनही असतं. बारावीला गणित न घेतलेल्या बी ग्रुपवाल्या मुली तिथेच कच्च्या पडतात, तेव्हा गणिताचं पुस्तक आजच काढा. सुटीत एखाद्या डेअरीच्या लॅबमध्ये महिनाभर बसू द्या. दुधात जंतू किती ते सांगणाऱ्या एमबीआरटी चाचणीच्या नळीतला निळा रंग किती वेळात उडतो, टँकर का परत जातो, हे तिथे दिसेल. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्सचे सर असतील तर त्यांच्याकडून पंप आणि सेन्सर जोडायला शिकू दे.

बी.एड.ला माझा विरोध नाही. शिकवायची आवड असेल तर जरूर करू द्या, पण ते तिलाच विचारा. पत्रात तिचं मत कुठेच नाही.