शिडाच्या युद्धनौकांवर आखूड नळीच्या तोफा का बसवत? लांब तोफेचा पल्ला तर जास्त असतो ना?

पल्ल्याचं तुमचं म्हणणं बरोबर आहे, पण वजनही बघा. ब्रिटिश आरमाराची ३२ पौंडी, म्हणजे ३२ पौंडांचा गोळा टाकणारी लांब तोफ जवळपास पावणेतीन टनांची. तेवढाच गोळा टाकणारी आखूड कॅरोनेड एक टनाच्याही आत. वरच्या डेकवर जड तोफा चढवल्या तर जहाज कलायची भीती, म्हणून तिथे छोट्या गोळ्याच्या तोफा असत. ती जागा कॅरोनेडने घेतली.

हे नाव स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्कजवळच्या कॅरन कंपनीवरून पडलं. त्यांच्या तोफा फुटतात म्हणून आरमाराने १७७३ साली त्या काढून टाकल्या होत्या. व्यवस्थापक चार्ल्स गॅस्कॉइनने काम सुधारलं आणि १७७९ मध्ये त्याच आरमाराने त्याच कारखान्याची कॅरोनेड घेतली. मला याचं फार कौतुक वाटतं.

मी फाउंड्रीत काम करतो, त्यामुळे माझं लक्ष लगेच बोअरकडे, म्हणजे नळीच्या आतल्या पोकळीकडे जातं. गोळा नळीत सहज सरकावा म्हणून लांब तोफेत भरपूर फट ठेवत, ३२ पौंडीत साधारण ७-८ मिलिमीटर. दारू पेटली की वायू तिथून निसटणार आणि गोळा आतल्या आत आपटत जाणार. कॅरनवाल्यांनी ही फट जवळपास निम्म्यावर आणली. त्यामुळे कमी दारूत भागू लागलं. दारू कमी म्हणून दाब कमी, दाब कमी म्हणून बीडही पातळ चालतं. नळी आखूड केल्याने वजन घटलंच, पण ती पातळ ठेवता आली ती या फटीमुळे.

गोळा संथ जायचा, पण जवळून बसला की लाकडाच्या चिरफळ्या उडवायचा. ४ सप्टेंबर १७८२ ला ‘रेनबो’ या जुन्या ब्रिटिश जहाजाने नाळेवरच्या कॅरोनेडमधून फ्रेंच जहाज ‘एबे’वर ३२ पौंडी गोळे टाकले. पुढच्या टोकालाच एवढी मोठी तोफ, म्हणजे हे पहिल्या फळीचं मोठं लढाऊ जहाज असणार, असं समजून फ्रेंच कप्तानाने नावापुरता प्रतिकार करून शरणागती पत्करली.

तुमच्या शंकेचं उत्तर मात्र १८१४ मध्ये चिलीतल्या व्हालपाराइसोजवळ मिळालं. अमेरिकन ‘एसेक्स’वर ४६ पैकी ४० तोफा कॅरोनेड होत्या. वादळी झोतात तिच्या डोलकाठीचा वरचा भाग मोडला, आणि ब्रिटिश ‘फीबी’ने कॅरोनेडच्या टप्प्याबाहेर राहून लांब तोफांनी तिला झोडपून काढलं. कप्तान डेव्हिड पोर्टरने या कॅरोनेडबद्दल काही वर्षं आधीच तक्रार करून लांब तोफा मागितल्या होत्या. त्या त्याला मिळाल्या नव्हत्या.