क्यू कमी येतोय? आधी टेथर बघ

अरे भावा, तू नाशिकचाच ना, मग नारोशंकराची घंटा बघितली असशील, ती वाजवून काठाला नुसता हात लावला की आवाज बसतो, तुझ्या अ‍ॅल्युमिनियम नायट्राइडच्या रेझोनेटरचं (चिपवरचा ठराविक वारंवारतेला कंप पावणारा बारीक तुकडा) तेच झालंय, म्हणून क्यू (कंपनं किती कमी एनर्जी गमावून टिकतात त्याचं माप) कमी येतोय असं मला वाटतं. तो ज्या बारीक टेथरवर, म्हणजे आधाराच्या दांडीवर, टांगलाय तिथूनच कंपनं सबस्ट्रेटमध्ये, म्हणजे चिपच्या मूळ पायात, पळतात. टेथर नोडल पॉइंटलाच जोड, जिथं हालचाल जवळजवळ शून्य असते, आणि त्याची लांबी एका लहरीच्या लांबीच्या पाव ठेवून बघ. 100 मेगाहर्ट्झला वेग सेकंदाला साधारण 10,000 मीटर धरला तर लहर 100 मायक्रॉन, म्हणजे पाव म्हणजे 25. हा फक्त पहिला अंदाज हं, टेथरमधली खरी लहर सिम्युलेशनमधूनच काढ, आणि तिथं कडेला पीएमएल (लहरी परत न पाठवता शोषून घेणारा थर) लावायला विसरू नको, मी सुरुवातीला विसरलो होतो आणि क्यू इतका भारी आला की सगळ्यांना चहा पाजला, नंतर कळलं की एनर्जी बाहेर जायला मी वाटच ठेवली नव्हती 😅

मग चिप व्हॅक्यूममध्ये मोज. क्यू फारसा वाढला नाही तर हवेला दोष देऊ नको. इलेक्ट्रोडचा धातू पण एनर्जी खातो, त्यामुळे जाडी कमी कर, पण फार पातळ केलास तर रेझिस्टन्स वाढून क्यू परत खाली, तिथं मध्यम बघावं लागतं.

फोनॉनिक क्रिस्टल (कंपनं अडवणारी ठराविक नक्षी) वगैरे नंतर. सगळ्या लॉसचे 1/क्यू बेरीज होतात, म्हणून सगळ्यात मोठी गळती आधी बुजव.